रंगूनचं म्हणून जपलेलं नाणं निघालं मुंबईचं!

परवा कुंडलमधल्या एका मित्राचा फोन. "आज्जीच्या गाठोड्यात चांदीचं भलं मोठं नाणं घावलंय. आजोबांनी रंगूनवरनं आणलं म्हणत्यात. घरातली म्हणत्यात आटवून नातीला पैंजण करू. आधी बघून जा की."

आपल्याकडं आटवायला कितीसा वेळ लागतो? विटा-खानापूर-तासगाव पट्ट्यातली माणसं गलाईसाठी अख्ख्या देशात पोचलीत. लगेच गाडी काढली.

नाण्याच्या एका बाजूला हातात त्रिशूळ आणि ढाल घेतलेली बाई उभी, मागं समुद्रात जहाज. दोन्ही अंगांना इंग्रजीत 'वन डॉलर' आणि खाली साल 1902. दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी आणि दोन लिप्या. एक चिनी. दुसरी उर्दूसारखी दिसते म्हणून घरच्यांनी शेजारच्या चाचांना दाखवली होती. त्यांना अक्षरं लागली, अर्थ लागेना. लागणार कसा? लिपी अरबी वळणाची, पण भाषा मलय. मजकूर आहे 'सातू रिंगित', म्हणजे एक डॉलर.

हा ब्रिटिश ट्रेड डॉलर. सिंगापूर, पेनांग, हाँगकाँगच्या व्यापारासाठी 1895 पासून पाडलेला. आता भिंग घ्या आणि त्रिशुळाचं मधलं टोक बघा. तिथं बारीक इंग्रजी 'बी' आहे. बी म्हणजे बॉम्बे! फोर्टातल्या आपल्या टाकसाळीचं चिन्ह.

मुंबईत का पाडला? 1893 साली इंग्रज सरकारनं लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं. टाकसाळीचं काम घटलं. तिकडं पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांना डॉलर कमी पडत होते. मग यंत्रं इकडची आणि नाणं तिकडचं, असा मेळ बसला. पुढं 1903 मध्ये सिंगापूरकडच्या वसाहतींनी स्वतःचा डॉलर काढला, त्याचीही सुरुवात मुंबईच्याच टाकसाळीत झाली.

आता रंगूनचं. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानच्याच कारभारात होता, तिथं आपलाच रुपया चालायचा. त्यामुळं हे तिथल्या बाजारातलं रोजचं नाणं नव्हे. आजोबा खोटं बोलले असं मी म्हणत नाही. बंदरात कुणाकडनं घेतलंही असेल. पण 'ब्रह्मदेशचं नाणं' म्हणून विकायला जाल तर फसाल.

कडेला चार-पाच बारके ठसे होते. वहिनी म्हणाल्या, कुणीतरी ठोकून खराब केलंय. उलट ती चिनी सराफांची निशाणी. चांदी खरी आहे हे पारखून ते आपला शिक्का मारायचे. (अशा पारख्याला तिकडं इंग्रजीत 'श्रॉफ' म्हणत. मूळ शब्द आपल्या सराफाचाच.)

वजन केलं, 26.9 ग्रॅम. खऱ्याचं 26.95 असतं, त्यात दहात नऊ भाग चांदी. राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा. हे सव्वादोन तोळ्यांच्या वर भरतं. लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. एवढ्यावर शंभर टक्के खात्री होत नाही, कारण या डॉलरच्या नकला बाजारात ढिगानं आहेत. पण वजनात आणि चुंबकावर नापास झालं तर पुढं बघायचीच गरज नाही.

आणि मोबाईलवर 'जुनं नाणं द्या, लाखो मिळवा' म्हणणाऱ्यांना आधी पैसे भरू नका. 1902 चे हे डॉलर कोटींच्या संख्येनं पाडलेत. चांदीपेक्षा जास्त मिळेल, पण बंगला होणार नाही.

पैंजण आता नव्या चांदीचे होणार आहेत. तुमच्याकडं असं काही असेल तर चिंच लावून घासू नका. दोन्ही बाजूंचा फोटो आणि वजन इनबॉक्समध्ये टाका. भट्टीत जायच्या आधी.