अर्धा घाणा

चपला दाराबाहेर काढा. तिथं आधीच ढीग पडलाय. त्यातल्या करकरीत कोल्हापुरीवर पाय देऊ नका, ती पुण्याच्या काकांची आहे आणि ते दर अर्ध्या तासानं बाहेर येऊन तिच्यावर नजर टाकून जातात. फोन खिशात खोल सारा. इथं त्याचा उपयोग आरशापुरताच.

ऑक्टोबर १९७३. गिरगाव, ठाकुरद्वारजवळची एक चाळ, दुसरा मजला, टोकाची दोन खोल्यांची जागा. उद्या नरक चतुर्दशी. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून लावलेला कणकेचा दिवा गॅलरीच्या कठड्यावर अजून सुकतोय, मुंग्यांनी त्याला शोधून काढलंय.

तुम्ही कोण, हे कुणी विचारणार नाही. घरात अकरा माणसं आहेत, पाच घरची आणि सहा पाहुणे. मुंबईच्या मंडळींना वाटेल तुम्ही पुण्याच्या काकूंच्या माहेरचे. पुणेकरांना वाटेल मुंबईच्या काकांच्या ऑफिसातले. सणासुदीच्या घरात आधी चहा मिळतो, चौकशी मागाहून. "बसा हो, उभे का?" असं म्हणून आत्या तुमच्या हातात कपबशी देते. चहा अगोड आहे. रेशनची साखर करंज्यांत गेलीय.

बाहेरच्या खोलीत गाद्यांची चळत, तिच्यावर तीन पोरं, त्यांच्या पायांत बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद. आकाशकंदील अजून चिकटतोय. थोरल्या पुतणीनं 'बॉबी' पाहिलाय, तिला ठिपक्याठिपक्यांचा ब्लाउज हवाय आणि आज घरात ते कुणी ऐकून घेत नाहीये. दिवाळी अंक कपाटावर आहेत. 'आवाज' सगळ्यात वर ठेवलाय, त्यातल्या खिडक्या पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून. पोरांनी त्या कालच उघडून पाहिल्यात.

आता आत चला. वास येतोय तो चकलीचा.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी चकल्या? एरवी या घरात फराळ चार दिवस आधी डब्यांत बंद होतो. पण यंदा डालडाच मिळेना. महागाईनं बायका इतक्या कावल्यात की लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्यात; मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मोर्चात आत्याही एकदा थाळी वाजवून आलीय आणि त्या दिवशीचा घसा अजून बसलेला असल्यासारखी ती गोष्ट सांगते. अरब-इस्रायल युद्ध याच महिन्यात पेटलंय, तेलाचं राजकारण तापायला लागलंय. त्याची झळ या स्वयंपाकघराला अजून लागायचीय, पण रॉकेलसाठी रांग आधीपासूनच आहे. काकांनी काल रांगेत उभं राहून ताडाच्या झाडाचा तो पिवळा डबा आणला, तेव्हा कुठं आज भाजणी भिजली. गॅससाठी नाव नोंदवलेलं आहे. नंबर कधी लागेल ते विचारायचं नाही, काका चिडतात.

ओट्याखाली, जमिनीवर, पाटाशेजारी स्टोव्ह घोंघावतोय. पितळी, तीन पायांचा, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. याचा मूळपुरुष स्टॉकहोमचा. १८९२ साली फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या माणसानं बिनवातीचा, बिनकाजळीचा स्टोव्ह केला. १९११मध्ये अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा त्याच्या सामानात हेच यंत्र होतं. ध्रुवावर त्यानं बर्फ वितळवला, गिरगावात तो चकल्या तळतो. मला विचाराल तर दुसरं काम अवघड.

त्याची रीत नीट बघून घ्या, कारण पुढं जे घडतं ते या रितीत आहे. टाकीत रॉकेल. पंप मारला की आत हवा दाटते आणि रॉकेल नळीतून वर चढतं. वर बर्नर तापलेला असेल तर त्याची वाफ होते, ती निपलच्या बारीक छिद्रातून सुटते आणि निळी ज्योत धरते. बर्नर थंड असेल तर वाफ होत नाही, रॉकेलच चिळकांडी मारत बाहेर येतं आणि पेटतं. म्हणून आधी काकडा लावायचा, स्पिरिटमध्ये बुडवलेला, बर्नरच्या गळ्याला. तो विझत येईपर्यंत पंपाला हात लावायचा नाही. दोन-तीन मिनिटांचं काम. घाईत असलेल्या बाईला ही मिनिटं फार लांब वाटतात.

धाकटी काकू सोऱ्या दाबतेय. कागदावर पडणाऱ्या वेढ्याचं शेवटचं टोक अंगठ्यानं चिकटवायचं, नाहीतर कढईत चकली उलगडते. तिचा अंगठा हे न बघता करतो. पुण्याची काकू मदतीला येऊ पाहते, पण आजीनं तिला दारातच थांबवलंय: "नायलॉन नेसून स्टोव्हजवळ येऊ नकोस." नायलॉन पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. आजीनं हे कुठं वाचलेलं नाही, बघितलंय.

तिसऱ्या घाण्याच्या मध्यावर ज्योत पिवळी पडते, फुरफुरते आणि बसते. रॉकेल संपलं.

काकू कढई उतरवून भुईवर ठेवते, शेजारीच. चार चकल्या आतच आहेत, अर्ध्या कच्च्या. हवा सोडते, नरसाळं लावून रॉकेल ओतते, बूच घट्ट करते. तोवर पोरं भांडतात, पुण्याचे काका चहा मागतात, आत्या कणकेचा डबा शोधते आणि काकू उठून तो काढून देते. सगळ्यात मिळून पाचेक मिनिटं जातात. मग ती परत पाटावर बसते आणि काडी ओढते.

"काकडा?" तुम्ही म्हणता. तोंडातून निघूनच जातं.

"बर्नर गरमच आहे हो," ती हसून म्हणते. पाहुण्यांना उलट बोलायची रीत नाही, त्यामुळे हे फार मऊपणे म्हणते. आणि पंप मारते. एक, दोन, तीन, चार.

भडक्याला आवाज फारसा नसतो. नुसता 'भप्प'. पुरुषभर पिवळी ज्योत, तिच्या टोकाला काळा धूर, फळीवरचे डबे क्षणभर सोन्याचे. काकू मागं झुकते, उजवा हात टेकायला खाली नेते आणि तो कढईच्या काठावर पडतो. कढई कलंडते.

पुढची दहा सेकंदं आजीची आहेत. ती मोरीच्या उंबऱ्यावरचं ओलं गोणपाट ओढते, हाताला गुंडाळते, ज्वाळेच्या बाजूनं हात घालून हवेची चावी सोडते. सुस्कारा निघतो, ज्योत गुडघ्याएवढी होते, मग वीतभर, मग गोणपाटाखाली गप्प. एका पोरानं पाण्याचा तांब्या उचललेला असतो, त्याला ती नुसत्या नजरेनं थांबवते. सांडलेल्या कढत डालडावर पाणी पडलं असतं तर घरभर उडालं असतं.

"पीठ झाका कुणीतरी," काकू म्हणते. बोटांपासून कोपरापर्यंत हात लाल झालाय आणि तिला भाजणीची पडलीय.

आता घर बोलायला लागतं. शाई आणा, निळी. खोबरेल लावा. बटाटा किसा. टूथपेस्टची ट्यूब कुठाय? प्रत्येकाच्या आठवणीत कुणाचा तरी कुठल्यातरी उपायानं बरा झालेला हात आहे. आजी शाईच्या बाजूची. तुम्हाला मात्र एकच उपाय माहीत आहे, आणि तो या घरात नेमका मोजून ठेवलाय.

"पाणी," तुम्ही म्हणता. "साधं, गार. हातावर धार धरायची. वीस मिनिटं."

"भाजल्यावर पाणी?" आत्या ओरडते. "फोड येतील!"

"फोड तसेही येतील. कातडीत धग शिरलीय, ती खाली उतरत राहते. ती आधी काढायची."

आजी मोरीकडं बघते. तिथं एक पिंप, दोन हंडे, एक तांब्याचं घंगाळ. चाळीला पाणी पहाटे चारला येतं आणि सहाला जातं. अकरा माणसांचं अभ्यंगस्नान, तेही उजाडायच्या आत, म्हणून दुपारी काटकसर करून करून हे वाचवलेलं आहे. आज कुणी दोनदा हात धुतलेला नाही.

"वीस मिनिटं?"

"वीस."

"आणि अंघोळी?"

याला तुमच्याकडे उत्तर नाही. ती तुमच्याकडं बघते ते किती वेळ, ते सांगणं कठीण. मग म्हणते, "तिला मोरीत बसवा. आधी बांगड्या."

हात सुजायला लागण्याआधी बांगड्या निघायलाच हव्यात, हे आजीला तुमच्या आधी सुचलंय. पाटली साबणाच्या फेसानं सरकते. हिरव्या काचेच्या सहापैकी चार निघतात, दोन अंगठ्याच्या मुळाशी अडतात. सणाच्या आदल्या दिवशी, सवाष्णीचा हात. पुण्याची काकू तोंडाला पदर लावते. "वाढव गं," आजी सांगते, आणि आत्या बत्त्याच्या टोकानं हलकेच दोन टिचक्या मारते. काचा मोरीत पडतात. काकू पहिल्यांदा रडते, आता, बांगड्यांसाठी.

तांब्या काका धरतात. पहिला, दुसरा, दहावा. बर्फ आणू का, शेजारून विचारणा होते. नको, बर्फानं कातडी आणखी दुखावते. आठव्या मिनिटाला काकू म्हणते, "बरं वाटतंय." थांबू नका. पाणी काढलं की पुन्हा आग होते, तिलाच कळतं आणि ती हात परत पुढं करते. पुण्याच्या काकांच्या मनगटावर घड्याळ आहे, ते मोठ्यानं मिनिटं सांगतात. प्रसंगी नुसतं वेळ सांगण्याचं काम मिळालेले पुरुष किती गंभीर होतात, ते इथं बघून घ्या.

पिंप तळाला लागतं. तोवर गॅलरीत चाळ जमलेली असतेच. पलीकडच्या वहिनी दोन कळश्या आणतात आणि त्याच दमात सांगतात, "पहाटे नळ आला की आधी माझ्या भरून द्या हं." टोकाच्या खोलीतले आजोबा अर्धी बादली पाठवतात. गणपतीच्या वर्गणीवरून ज्यांच्याशी बोलणं बंद आहे, त्यांच्या घरचं दार बंदच राहतं. चाळीच्या मायेच्या गोष्टी सांगणारे हे दार सांगायचं विसरतात.

डॉक्टर समोरच्या गल्लीत राहतात. दवाखाना बंद झालाय, पण ते दार उघडतात, हात बघतात, फोड फोडायचे नाहीत म्हणून दोनदा बजावतात, स्वच्छ पट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. "पाणी कुणी घातलं?" तुम्ही चपलांकडं बघता. मग ते काकांना बाहेर थांबायला सांगतात आणि आवाज उतरवून काकूला विचारतात, "लग्नाला किती वर्षं झाली? कसं झालं, मला खरं सांगायचं."

"सहा," ती म्हणते. आणि मग तिला प्रश्न कळतो. "अहो, मीच काकडा लावला नाही!" ती इतक्या तावानं म्हणते, की चुकीचा हा दाखला जणू तिला हवाच आहे.

डॉक्टर मान हलवतात. त्यांचं चुकलं नाही. 'स्टोव्हचा भडका' हे दोन शब्द पुढच्या दहा वर्षांत बातम्यांत इतक्यांदा येतील, इतक्या नव्या सुनांच्या नावापुढं, की भडका खरोखर उडतो हेच लोक मानेनासे होतील. १९८३मध्ये कायद्यात सासरच्या छळाचं ४९८अ कलम येईल, १९८६मध्ये हुंडाबळीचं ३०४ब, आणि त्यात लग्नापासूनच्या सात वर्षांची मुदत असेल. तुम्हाला हे माहीत आहे, डॉक्टरांना नाही. तरी त्यांनी नवऱ्याला बाहेर काढलं. मला या गोष्टीतला हा माणूस फार आवडतो. घरच्यांना तो जरा आगाऊ वाटला.

रात्री प्रश्न उरतो भाजणीचा. भिजवलेलं पीठ सकाळपर्यंत टिकणार नाही. आजी कढई घासून परत ठेवते, या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी. सोऱ्या मुंबईच्या काकांच्या हाती जातो. आयुष्यात पहिल्यांदा. काकू गादीवर टेकून, पट्टीतला हात उशीवर ठेवून, सूचना करते: "अहो, टोक चिकटवा. टोक!" टोक चिकटत नाही. कढईतून निघतात त्या चकल्या नव्हेत, कडबोळ्यांचे दूरचे नातेवाईक म्हणता येतील. पोरं त्या गरमागरम संपवतात, देवाला ठेवायलाही उरत नाहीत. आजी एक तोंडात टाकते आणि "मोहन बरोबर पडलंय" एवढंच म्हणते. पीठ काकूनं भिजवलं होतं.

तुम्हाला गॅलरीत सतरंजी मिळते. झोप लागते न लागते तोच चार वाजतात. नळाला आधी खाकरा, मग हवा, मग पाणी. पलीकडच्या वहिनींच्या दोन कळश्या काका निमूटपणे भरून देतात. मागं रांगेत कुरकुर चालू आहे, कुठंतरी खालच्या चौकात पहिला फटाका फुटतो. उटणं वाटीत कालवलेलं आहे, कारीट दाराशी ठेवलंय. पाणी तापवायला मात्र घरात एकच साधन आहे.

आजी स्टोव्ह मधोमध ओढते. रात्री तिनं त्याची पिन मारून निपल साफ केलंय, वायसर तपासलाय. ती काकडा स्पिरिटमध्ये बुडवते, बर्नरच्या गळ्याला लावते आणि काडी ओढते. सगळं घर दोन पावलं मागं सरकून उभं.

"सासूबाई, पूर्ण विझू दे हं तो," गादीवरून धाकटी काकू म्हणते. "मग पंप मारा."

"तू मला शिकव आता," आजी म्हणते, आणि थांबते.