‘पॉझिटिव्ह राहा’ हे औषध आहे का? लॉरेन्स लेशान आणि एका प्रश्नाचा प्रवास

आजचा विषय थोडा घरचा आहे.

माझ्या मावशीला कॅन्सर झाला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण तेच सांगून जायचा, “पॉझिटिव्ह राहा, अर्धी लढाई मनातच असते.” केमोनंतर तिला उलट्या व्हायच्या, रडू यायचं. पण ती बाथरूमचं दार लावून रडायची. एकदा हळूच मला म्हणाली, “मी रडले तर वाढेल का रे तो?” मला उत्तर देता आलं नाही. ही भीती आली कुठून, ते शोधत मी पोचलो १९५० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये.

तिथे लॉरेन्स लेशान नावाचे एक मानसशास्त्रज्ञ कॅन्सरच्या पेशंटशी बोलत होते. आज यात काय विशेष, असं वाटेल. पण तो काळ बघा. १९६१ साली शिकागोतल्या डॉक्टरांची एक पाहणी झाली. जवळपास ९० टक्के डॉक्टर म्हणाले, कॅन्सर झाल्याचं आम्ही शक्यतो पेशंटला सांगतच नाही! म्हणजे आजार एकाचा आणि बातमी दुसऱ्यांकडे. अशा काळात लेशान पेशंटजवळ बसून त्याचं आयुष्य ऐकत होते.

ऐकता ऐकता त्यांना एक साचा दिसू लागला. लहानपणी एकटेपणा, मग जीव लावावा असं एखादं माणूस किंवा काम, ते हातातून सुटणं, आणि त्यानंतर न बोललेली निराशा. त्यांना वाटलं, या निराशेचा कॅन्सरशी संबंध असावा. १९७७ मध्ये त्यांनी हे पुस्तकातून सामान्य वाचकांपुढे मांडलं.

इथे एक गोची आहे. कॅन्सर झालेल्या माणसाला ‘आयुष्यात काय दुःख होतं?’ विचारलं, तर तो दुःख सांगणारच. तुम्हा-आम्हाला विचारलं तरी आपण सांगू! आजार झाल्यावर मागे वळून पाहिलं, की सगळीकडे कारणंच दिसतात.

१९७८ मध्ये लेखिका सुझन सोंटॅग यांनी या विचारावर जोरदार टीका केली. त्या स्वतः स्तनाच्या कॅन्सरमधून गेल्या होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: स्वभावामुळे आजार होतो म्हटलं, की आजाराचा दोष आजारी माणसावरच जातो.

मग खरं काय? इथे गोष्ट वळण घेते. स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांना ‘मनाने कॅन्सर हटतो’ हा दावा खोडून काढायचा होता. त्यांनी पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ बायकांचा अभ्यास केला. काही जणी वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करत, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. १९८९ मध्ये निकाल आला: गटातल्या बायका सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९ महिने. स्पीगल स्वतःच चकित झाले!

पण विज्ञानात एका निकालावर भागत नाही. २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर तसाच प्रयोग झाला. आयुष्य वाढलं नाही. २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांच्या नव्या अभ्यासातही एकूण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, आणि त्यांनी ते छापलं. त्याच वर्षी जेम्स कॉइन या मानसशास्त्रज्ञाने डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ पेशंटची माहिती तपासली. मनाने खंबीर असलेले जास्त जगले का? नाही. खचलेले लवकर गेले का? तेही नाही.

मग गप्पांचे ते गट वाया गेले का? मुळीच नाही. कॅनडातल्या त्या प्रयोगात गटातल्या बायकांना, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त खचल्या होत्या त्यांना, मानसिक त्रास आणि वेदना कमी जाणवल्या. जगायचे दिवस वाढले नसतील, पण ते दिवस सुसह्य झाले. मला तरी ही छोटी गोष्ट वाटत नाही.

लेशान यांचा साचा टिकला नाही. पण त्यांची एक सवय मला फार आवडते. पेशंटमध्ये काय बिघडलंय, हे शोधण्याऐवजी ते विचारायचे: या माणसात चांगलं काय आहे? कशात याचा जीव रमतो? हा प्रश्न विचारायला कुठल्याही पुराव्याची वाट बघायला नको.

तेव्हा कॅन्सर झालेल्या कुणाला भेटायला गेलात, तर ‘पॉझिटिव्ह राहा’ जरा बाजूला ठेवा. “आज कसं वाटतंय?” विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. रडू आलं तर रडू द्या. आणि उदासी हटतच नसेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, तिच्यावरही उपचार आहेत.

हे सगळं वाचल्यावर मी मावशीला फोन केला. म्हटलं, “तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. रडल्याने वाढत नाही.” ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे दार उगाच लावलं की मी!”

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि जवळच्या माणसांचंही ऐका.