मुंग्या म्हणजे अशक्तपणा नव्हे

छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून बायका किमोसाठी येतात. स्तनाच्या कॅन्सरवर पॅक्लिटॅक्सेलचे डोस सुरू झाले, की काही आठवड्यांत अनेकींची बोटे बधिर होऊ लागतात, तळपायांना मुंग्या येतात. त्यावर घरातून, शेजारून, कधी गावच्या दवाखान्यातूनही एकच उत्तर मिळते: अशक्तपणा आहे, ताकदीची सुई घ्या, जाईल आपोआप.

हे उत्तर अगदीच बिनबुडाचे नाही. किमोने भूक मरते, रक्त उतरते, माणूस खरेच गळून जातो. बी-बारा कमी असले तरी मुंग्या येतात, आणि ते कमी असणे आपल्याकडे नवलाचे नाही. पण कारण चुकले, की उपायही चुकतो.

पायाच्या बोटांना स्पर्श कळवणाऱ्या मज्जातंतूची पेशी असते पाठीच्या कण्याजवळ आणि तिचा धागा जातो थेट अंगठ्यापर्यंत. धाग्यातला माल सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून वाहतो. पॅक्लिटॅक्सेल हेच रूळ गोठवते. सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ साली दाखवले, की हे औषध नलिका मोडत नाही, उलट त्यांना सुटूच देत नाही. त्यामुळे कॅन्सरची पेशी दुभंगताना अडकते आणि मरते. मज्जातंतूला दुभंगायचे नसते, पण त्याची वाहतूक खोळंबते. सर्वांत लांब धाग्याला झळ आधी, म्हणून सुरुवात बहुधा पायांच्या बोटांपासून, पुढे हात, आणि दोन्हीकडे सारखीच, मोजे-हातमोजे चढवल्यासारखी. अशक्तपणा असा मोज्याच्या मापाने येत नाही. ‘नस दबली’ म्हणावे, तर दबलेली नस सहसा एकाच बाजूला बोलते.

जाता जाता: यू वृक्षाच्या सालीतल्या या औषधाची रचना १९७१ साली मन्रो वॉल यांच्यासोबत प्रसिद्ध करणारे मनसुख वाणी जन्माने नंदुरबारचे. त्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी औषधाचा दुष्परिणामही नावानिशी ओळखायला हवा.

आता ताकदीच्या औषधांविषयी. ॲसिटिल-एल-कार्निटिन हे मज्जातंतूंचे पोषण करते, असा समज होता. पॅक्लिटॅक्सेलच्या वर्गातली किमो घेणाऱ्या, स्तनाचा कॅन्सर असलेल्या ४०९ बायकांवर त्याची रीतसर चाचणी झाली. २०१३ साली निकाल आला: ते घेणाऱ्यांचा त्रास वाढला. बी-सहा जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत बराच काळ घेतले, तर ते स्वतःच मज्जातंतू बिघडवते. बी-बारा तपासणीत कमी निघाले तर अवश्य भरून काढावे. पण ते पॅक्लिटॅक्सेलवरचा उतारा नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली स्पष्टच लिहिले, की हा त्रास टाळणारे शिफारसयोग्य औषध आज नाही; वेदना होत असतील तर डुलोक्सेटिन तेवढे द्यावे, आणि त्याचाही गुण बेताचाच.

‘आपोआप जाईल’ हे मात्र अर्धे खरे आहे. वेगवेगळ्या कॅन्सरच्या ३१ अभ्यासांची २०१४ साली एकत्र मोजदाद झाली. किमोनंतर पहिल्या महिन्यात शंभरांतल्या ६८ जणांना हा त्रास होता, तीन महिन्यांनी ६० जणांना, सहा महिन्यांनी किंवा त्यापुढे ३० जणांना. म्हणजे पुष्कळांचा जातो, पण या तीस जणांना ‘जाईल’ म्हणणे ही फसवणूक आहे. त्यांच्यातली एखादी कापूस वेचते, तिला बोंडाचे टोक बोटात घुसल्याचे रक्त दिसल्यावर कळते. एखादी पैठणला मागावर बसते, तिचे तर पोटच बोटांवर.

‘जीव वाचला, मुंग्यांचे काय घेऊन बसलीस?’ हा यातला सर्वांत जड युक्तिवाद, आणि त्याच्याच ओझ्याखाली बायका गप्प बसतात. सांगितले तर डोस बंद होईल, ही भीतीही असते. वस्तुतः डॉक्टरांपुढे मात्रा कमी करणे, डोस पुढे ढकलणे, औषध बदलणे असे मार्ग असतात. किती डोस झाले, आजार कुठवर आहे, हे पाहून ते ठरवतात. पण ठरवायला त्यांना कळायला तर हवे! डोसाआधीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी दिसतात. ब्लाउजचा हुक लागत नाही, हे कुठल्याच रिपोर्टात उमटत नाही.

तेव्हा बायांनो, पुढच्या डोसाला सलाइन लागण्याआधी सांगा: हुक लागत नाही, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, रात्री तळपाय जळतात. शुगर असेल तर तेही सांगा. आणि बाहेरून कुठली ताकदीची गोळी चालू असेल, तर तिचे पाकीट सोबत न्या.