प्रज्ञावान मुले आणि संवादाचे नवे माध्यम

वयाच्या मानाने ज्यांचे आकलन, तर्कशक्ती वा सर्जनशीलता बरीच पुढे असते, अशा मुलांना प्रज्ञावान म्हटले जाते. त्यांची बुद्धी मोठ्यांची, तर भावना बहुधा वयाप्रमाणेच असतात. बुद्धिमत्ता जितकी असामान्य, तितके समवयस्कांत मिसळणे अवघड, असे निरीक्षण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदविले होते.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावात मुलांची संख्याच मर्यादित असल्याने समान आवडीचा सोबती मिळणे आणखी कठीण. पूर्वी यावर मुख्य उपाय म्हणजे गाव सोडणे. पुण्यात १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ग्रामीण गुणवंतांसाठी निवासी नवोदय विद्यालयांना चालना दिली. तेथे प्रवेशपरीक्षेद्वारे सहावीत प्रवेश मिळतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात.

इंटरनेटमुळे घर न सोडता असा सोबती मिळणे शक्य झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पालक व शिक्षकांच्या देखरेखीखाली समान आवडीच्या ऑनलाइन गटांचा उल्लेख आहे. पडद्यावर वय आड येत नाही आणि विचार करून उत्तर देता येते. त्यामुळे अबोल मूलही बोलके होते. मात्र खेळात हरणे, रुसवा काढणे, समोरच्याचा चेहरा वाचणे हे अंगणातच शिकावे लागते. म्हणून दूरचा मित्र जोडताना गल्लीतला सवंगडी तुटणार नाही, याची काळजी पालकांनी घेणे अगत्याचे ठरते.