एका इंजिनाची दोन नावं

जाहिरातीची पहिली ओळ मीच लिहिली होती : ‘एमजीए स्पोर्ट्स कारचं इंजिन, १४८९ सीसी, नव्यानं बांधलेलं.’ सोबत चार फोटो टाकले. दोन दिवसांत सोळा फोन आले.

इंजिन अँबॅसिडरचं होतं.

मामाचं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात. जागा भाड्याची, आणि मालकाला ती दिवाळीपर्यंत रिकामी हवी होती. बाकीचं सामान भंगारात गेलं, पण हे इंजिन मामानं जाऊ दिलं नाही. एका जुन्या गाडीतून उतरवलेलं ते धूड त्यानं फावल्या वेळात, पदरचे पैसे घालून बांधलं होतं. सिलिंडर चाळीस थाउ बोअर केलेले, म्हणजे इंचाचे चाळीस हजारांश मोठे. पिस्टन आणि रिंगा नव्या. क्रँक ग्राइंड केलेला, बेअरिंग नवीन, हेड फेसिंग करून घेतलेलं. पण अँबॅसिडरच्या इंजिनाला आज विचारतो कोण? म्हणून मी जरा शोधाशोध केली, आणि एमजीए हे नाव सापडलं.

आता प्रश्न असा, की मी खोटं लिहिलं होतं का? याचं उत्तर द्यायला सत्तर वर्षं मागं जावं लागतं.

१९५२ साली इंग्लंडमध्ये ऑस्टिन आणि मॉरिस हे दोन जुने वैरी एकत्र आले आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी, ही कंपनी उभी राहिली. दोघांकडे आपापली इंजिनं, आपापले सुटे भाग. सगळं सांभाळणं खर्चाचं होतं. तोडगा निघाला तो तीन इंजिनांचा : छोटं ए-सीरिज, मधलं बी-सीरिज आणि सहा सिलिंडरचं मोठं सी-सीरिज. यांतल्याच कमी-जास्त करून सगळ्या गाड्यांत बसवायच्या.

बी-सीरिजचं १४८९ सीसीचं रूप १९५३ साली एमजी मॅग्नेट या चार दारांच्या गाडीतून पुढं आलं. दोन वर्षांनी एमजीए आली. बुटकी, गोलाईदार, दोन माणसांची उघडी गाडी. तिच्या नाकाखाली हेच इंजिन होतं, कार्ब्युरेटर दोन आणि ताकद सुरुवातीला ६८ अश्वशक्ती. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२पर्यंत अशा एक लाखाहून जास्त गाड्या बनल्या. बहुतेक परदेशी गेल्या, त्यातही अमेरिकेत सर्वाधिक.

आणि याच काळात हे इंजिन आपल्याकडंही आलं. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सनं मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती अँबॅसिडर या नावानं बनवायला घेतली होती. सुरुवातीचं जुन्या धाटणीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन १९५९च्या सुमारास गेलं आणि त्या जागी बी-सीरिज बसलं. तेही १४८९ सीसीचंच.

म्हणजे बोअर तोच, ७३.०२५ मिलिमीटर. स्ट्रोक तोच, ८८.९ मिलिमीटर. क्रँकला तीनच मेन बेअरिंग. अमेरिकेत जे इंजिन शौकिनाला समुद्रकिनाऱ्यानं फिरवत होतं, त्याच घराण्यातलं इंजिन इथं कलेक्टरसाहेबांना दौऱ्यावर नेत होतं आणि लग्नाच्या वऱ्हाडातली नऊ माणसं घेऊन घाट चढत होतं. तिकडं १९६२मध्ये ते वाढून १७९८ सीसीचं झालं आणि एमजीबीत गेलं. इकडं ते १४८९वरच राहिलं, आणि याच घराण्यातलं डिझेलही अँबॅसिडरमध्ये आलं.

म्हणजे मी अगदीच खोटं लिहिलं नव्हतं. पण खरंही लिहिलं नव्हतं.

सतरावा फोन पुण्याहून आला. त्या गृहस्थांकडं खरीच एमजीए होती, १९५८ची. मूळ इंजिन एकदा पाणी संपून तापलं आणि ब्लॉकला तडा गेला. पुढच्या रविवारी ते आले. मामानं इंजिन लोखंडी स्टँडवर चढवून चालू करून दाखवलं. गरम झाल्यावरही ऑइल प्रेशर पन्नासच्या खाली आलं नाही. पाहुण्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि मान डोलावली.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. एमजीएचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या छोट्या धातूच्या पट्टीवर असतो. तो ठरावीक अक्षरांनी सुरू होतो. त्यांच्या फुटलेल्या ब्लॉकवर ती पट्टी शाबूत होती. ती काढून या ब्लॉकवर बसवून दिली तर दीड लाख. नाहीतर सत्तर हजार.

या पट्टीला एवढा भाव का? जुन्या गाड्यांच्या बाजारात चॅसी आणि इंजिन यांचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळले, तर गाडीची किंमत चढते. आपल्याकडं २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. पट्टी हलवली की कागदावर काहीच बदललेलं नसतं.

मी मामाला सांगितलं. ऐंशी हजारांचा फरक होता, आणि ती रक्कम आमच्यासाठी लहान नव्हती. मामानं हात पुसले आणि थेट पाहुण्यांशीच बोलला.

“सायेब, इंजिन तुमच्या गाडीत बसवून देतो. सम्प, मॅनिफोल्ड, मागची प्लेट तुमची लागंल, दोन कार्ब्युरेटर तुमचंच. चालंल बी झकास. पर नंबर न्हाई हलवायचा. उद्या कोण दुसरा मिस्त्री ह्ये उघडंल. त्येला कळाय नको व्हय, आपल्या हातात काय हाय त्ये?”

मग माझ्याकडं वळून म्हणाला, “आणि तू बी ती जाहिरात नीट कर.”

मी तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवर ओळ बदलली : ‘अँबॅसिडरचं बी-सीरिज इंजिन, चाळीस थाउ ओव्हरसाइज. एमजीएमध्ये थोडे भाग बदलून बसतं.’ चाळीस थाउचा हिशोबही तेव्हाच केला. बोअर वाढल्यामुळं ते आता १४८९ नव्हे, जवळजवळ १५३० सीसीचं झालं होतं. माझ्या पहिल्या ओळीतला आकडासुद्धा बरोबर नव्हता.

पाहुणे काही न बोलता गेले. आठ दिवस फोन नाही. मी मामाशी जरा तुटकच वागलो.

नवव्या दिवशी ते टेम्पो घेऊन आले. सत्तर हजार मोजले. मामानं पावतीवर अँबॅसिडर लिहिलं, ब्लॉकवरचा नंबर लिहिला, बोअरचं माप लिहिलं, खाली सही केली. पाहुण्यांनी ती घडी घालून गाडीच्या कागदांत ठेवली. इंजिन बदलल्याचं आरटीओला रीतसर कळवणार म्हणाले. व्हीएच्या नंबरप्लेटचं काय होईल, ते तिकडंच ठरेल.

टेम्पो रिकामा आला नव्हता. मागं गोणपाटात गुंडाळलेला तो फुटका ब्लॉक होता, पट्टीसकट.

“मामा, हा शिवता येईल का बघता?” त्यांनी विचारलं. “घाई नाही. तोवर गाडी तुमच्या इंजिनावर चालेल.”

मामा गुडघ्यावर बसला आणि तड्यावरून अंगठा फिरवत राहिला. गॅरेजची जागा दिवाळीला गेली. तो ब्लॉक आता आमच्या घराच्या पडवीत आहे.