दप्तर, स्कॅनर आणि जुना लॅपटॉप : वसई परिसरातील कागदपत्रांच्या प्रतिमांकनाचा ऐतिहासिक विचार

वसईच्या इतिहासाची साधने ज्या मार्गांनी अभ्यासकांपर्यंत पोहोचली, त्या मार्गांचाही एक इतिहास आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या शोधकार्यामुळे सोपाऱ्याचा स्तूप आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा प्रकाशात आला. त्या काळी कोरीव लेखाचा कागदावर घेतलेला ठसा हाच अभ्यासकांपुढे मूळ दगडाचा प्रतिनिधी असे. पुढे गो. स. सरदेसाई यांनी १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेची पत्रे पेशवे दप्तरातून निवडून स्वतंत्र खंडात छापली. तेथे मोडीची जागा देवनागरीने घेतली. ठसा घेणाऱ्याचा हात आणि लिप्यंतरकाराची निवड यांचा विचार आपण साधनचिकित्सेत करतो. स्कॅनरने घेतलेल्या प्रतिमेबाबत मात्र तसा विचार होत नाही. यंत्राने टिपले म्हणजे जसेच्या तसे टिपले, अशी आपली समजूत असते. ती तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले. त्या प्रतिमेत एका बाजूस १७६ बिंदू होते, आणि प्रत्येक बिंदू काळा किंवा पांढरा एवढाच होता. महाविद्यालयांच्या आवाक्यात स्कॅनर आला तो १९९० च्या दशकात. १९९२ मध्ये ‘ट्वेन’ ही मानक पद्धती आल्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे स्कॅनर आणि प्रतिमा हाताळणारे प्रोग्रॅम यांचा संवाद सुकर झाला. जोडणीचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. स्कझी पद्धतीच्या स्कॅनरसाठी लॅपटॉपला वेगळे कार्ड घ्यावे लागे. पॅरलल पोर्टचा स्कॅनर प्रिंटरच्याच २५ पिनांच्या जागी बसे, आणि तो चालावा म्हणून पुष्कळदा संगणकाच्या बायॉसमध्ये जाऊन पोर्टची कार्यपद्धती बदलावी लागे. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ ची. पण तिचा खरा प्रसार विंडोज ९८ नंतर झाला. तेव्हाही आधी ड्रायव्हर बसवावा आणि मग केबल जोडावी, हा क्रम चुकला की पुढचा दिवस वाया जाई.

या तपशिलाचा इतिहासाशी संबंध काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले, तर संक्षेपण न करता त्याचे सुमारे २६ मेगाबाइट होतात. करड्या छटांत तेच पान ८.७ मेगाबाइटचे आणि केवळ काळ्या-पांढऱ्यात १.१ मेगाबाइटचे होते. यूएसबी १.१ चा वेग कागदोपत्री सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट. प्रत्यक्षात तो त्याहून कमीच मिळे. ७०० मेगाबाइटच्या एका सीडीवर रंगीत पाने जेमतेम २६ मावत. काळी-पांढरी सहाशेहून अधिक. दोनशे पानांची एक वही रंगीत करावयाची तर पाच गिगाबाइट हवेत, आणि १९९० च्या दशकाअखेरच्या अनेक लॅपटॉपची संपूर्ण डिस्क तेवढीच असे. अशा स्थितीत काळ्या-पांढऱ्याची निवड संशोधकाने केली असे म्हणण्यापेक्षा केबलने आणि डिस्कने केली, असेच म्हणावे लागेल.

वसईसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण होती. २००५ नंतरच्या काही वर्षांत मुंबईबाहेर विजेचे भारनियमन तीव्र होते आणि वसई-विरार त्या कक्षेत होते. त्यामुळे घरोघरी किंवा चर्चच्या कचेरीत जाऊन काम करावयाचे तर यूएसबीवरूनच वीज घेणारा हलका स्कॅनर सोयीचा ठरे. यूएसबीच्या एका पोर्टमधून मिळणारी अडीच वॅट वीज त्याला पुरते. (जुन्या लॅपटॉपची बॅटरी शाबूत असेल, तरच ही सोय! आणि इतिहास विभागाच्या वाट्याला बहुधा जुनाच लॅपटॉप येतो.) परंतु या हलक्या स्कॅनरमधील कॉन्टॅक्ट इमेज सेन्सरला काचेला टेकलेला कागदच स्पष्ट दिसतो. जाड बांधणीच्या वहीचा शिवणीकडचा भाग काचेपासून थोडा जरी उचलला गेला, तरी तेथील अक्षरे पुसट होतात. सीसीडी पद्धतीच्या जड स्कॅनरमध्ये हा दोष बराच कमी असतो. मात्र त्याला विजेचे स्वतंत्र कनेक्शन लागते.

चर्चच्या नोंदवह्यांच्या बाबतीत हा दोष गंभीर ठरतो. बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक १५६३ च्या ट्रेंट परिषदेचा. १९०८ पासून विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी समासात करण्याचा नियम लागू झाला. म्हणजे एकाच पानावर दोन काळांची, दोन शायांची आणि दोन हातांची अक्षरे येतात. काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत शाईतला फरक नाहीसा होतो. समास शिवणीकडचा असेल तर ती नोंदच वाचता येत नाही. वंशावळ किंवा वारसाहक्क ठरविताना एखादी ओळ मूळची की मागाहून घातलेली, हे अशा प्रतिमेवरून सांगता येणार नाही. मोडी कागदांत तर पुसट झालेली बारीक रेघ आणि कागदाचा डाग यांतला निवाडा स्कॅनरच करून टाकतो. किनाऱ्याच्या दमट हवेत मूळ कागद नष्ट झाला, की तो निवाडा अंतिम ठरतो.

दुसरी बाजू यंत्राच्या आयुष्याची आहे. ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर स्वीकारत नाही, आणि जुन्या स्कॅनरसाठी नवे ड्रायव्हर अनेक कंपन्यांनी काढलेच नाहीत. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. नव्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट नसतो, आणि बाजारात मिळणारे यूएसबीचे रूपांतरक बहुधा प्रिंटरपुरतेच उपयोगी पडतात. याउलट यूएसबी २.० चा स्कॅनर यूएसबी १.१ च्या लॅपटॉपवर मंद गतीने का होईना, पण चालतो. मात्र त्या लॅपटॉपच्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळाला पाहिजे. तो मिळत नसेल, तर लिनक्स आणि १९९६ पासून विकसित होत आलेली ‘सेन’ प्रणाली यांच्या साहाय्याने अनेक स्कॅनर पुन्हा कामाला लावता येतात. जुना लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून केवळ स्कॅनरसाठी राखून ठेवणे हा मार्गही टाकाऊ नाही.

म्हणून प्रत्येक प्रतिमासंग्रहासोबत स्कॅनरचा प्रकार, डीपीआय, रंगाची निवड आणि स्कॅन केल्याची तारीख ही माहिती नोंदविली जावी. ज्या वह्यांची केवळ काळी-पांढरी प्रत आहे आणि मूळ वही अद्याप हयात आहे, त्या वह्या पावसाळ्यापूर्वी पुन्हा रंगीत घ्याव्यात. आणि घट्ट शिवणीच्या वह्या काचेवर न दाबता वरून कॅमेऱ्याने टिपाव्यात.