युग्मनृत्यांतील स्वातंत्र्य

दोघांनीं हातांत हात घालून नाचावयाचें आणि तरीहि प्रत्येकानें ऐन तालावर स्वतःचें नवें कांहीं निर्मावयाचें, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. एकाच्या स्वैरपणामुळें दुसऱ्याची गति अडावी, किंवा दोघांच्या मेळासाठीं एकाची प्रतिभा निजून राहावी, असेंच बहुधा घडतें. न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तींत जन्मलेल्या 'लिंडी हॉप' या नृत्यानें हा पेंच फार सुंदर रीतीनें सोडविला.

युरोपांतून अमेरिकेंत गेलेल्या वॉल्ट्झसारख्या नृत्यांत पुरुषानें स्त्रीला धरावें व तो नेईल तिकडे तिनें जावें, असा संकेत होता. उलट, आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांनीं, रिंगणाच्या मध्यभागीं येऊन एकेकानें आपले पदन्यास दाखवावे, ही परंपरा जपली होती. १९२० नंतरच्या दशकांत हे दोन प्रवाह एकत्र आले. जोडी क्षणभर विलग होई, प्रत्येक जण मनास येईल तसें नाचे आणि पुन्हां हात जुळत. १९२७ सालीं चार्ल्स लिंडबर्गनें एकट्यानें विमानांतून अटलांटिक महासागर ओलांडला. पुढील वर्षीं एका नृत्यस्पर्धेंत जॉर्ज स्नोडन या नर्तकानें आपल्या नृत्यास त्याचेंच नांव दिलें, अशी आख्यायिका आहे.

या नृत्याचें माहेरघर म्हणजे १२ मार्च १९२६ रोजीं लेनॉक्स अव्हेन्यूवर उघडलेलें 'सॅव्हॉय' नृत्यगृह. वाद्यवृंदांसाठीं दोन मंच असल्यामुळें एक थांबतांच दुसरा सुरू होई. हार्लेममधीलच कॉटन क्लबांत रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि प्रेक्षकांत गोरे, असा दंडक असतां सॅव्हॉयचें दार दोघांनाहि उघडें होतें. तेथील आरंभींच्या एका वाद्यवृंदाचा नायक, व्हायोलिनवादक लिऑन ॲबी, हाच पुढें १९३५ सालीं आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला होता.

लिंडी हॉपचें मुख्य आवर्तन आठ मात्रांचें. जवळ आलेलीं दोघें फिरतात, पुरुष स्त्रीला बाहेर सोडतो, हात ताणले जातात. फुगडींत एकमेकींच्या भारावर दोघी तोल सांवरतात, तसाच येथें दोघांचा तोल त्या ताणावर असतो. मोकळें झाल्यावर पुरुष कोणते पदन्यास करील हें ठरलेलें नसतें. स्त्रीहि त्याची सांवली राहत नाहीं, ती आपल्या पावलांनीं उत्तर देते. शब्दांचें काम हात करतो. गायकानें कितीहि दूर जावें, पण समेवर तबलजीस भेटावें, तसाच हा व्यवहार आहे. नियम थोडे, पण ते दोघांनींहि पाळावयाचे.

१९३५ सालीं सॅव्हॉयमधील एका स्पर्धेंत फ्रँकी मॅनिंगनें आपली जोडीदारीण फ्रीडा वॉशिंग्टन हिला पाठीवरून उलटी फिरवून पुढें उतरविलें. ही युक्ति त्यांनीं आधीं घोटली होती. तथापि अशा चमत्कृतींची रंगभूमीस व चित्रपटांस गोडी लागली. १९४१ च्या 'हेल्झापॉपिन' चित्रपटांतील नृत्य थक्क करणारें आहे, पण त्यांतील हालचाली पूर्वीं बसविलेल्या आहेत. दुसरीकडे नृत्यशाळांनीं पावलांचे कोष्टक करून विकलें. अशा रीतीनें लोकप्रियतेनेंच या कलेंतील उत्स्फूर्तता क्षीण केली.

सत्तेचीहि तिजवर वक्रदृष्टि होती. एप्रिल १९४३ मध्यें शहराच्या अधिकाऱ्यांनीं सैनिकांच्या आरोग्याचें व नीतीचें कारण देऊन सॅव्हॉय कांहीं महिने बंद ठेवलें. गोरे-काळे एकत्र नाचतात हेंच खरें शल्य होय, असें हार्लेमच्या पुढाऱ्यांचें म्हणणें होतें. १९५८ सालीं तें नृत्यगृह कायमचें मिटलें. मॅनिंग तोंवर टपालखात्यांत नोकरीस लागला होता.

परंतु १९८० नंतर स्वीडन व अमेरिकेंतील तरुण जुन्या नर्तकांचा शोध घेत निघाले, आणि उतारवयांत मॅनिंग पुन्हां शिक्षक झाला. २००९ सालीं, पंचाण्णवाव्या वाढदिवसास महिना उरला असतां, त्याचें देहावसान झालें. इमारत गेली तरी तिच्या लांकडी भूमीवर घडलेली शिस्त टिकली. जोडीदाराचा हात न सोडतां, अगर सोडला तरी वेळेवर परत धरून, मनासारखें नाचतां येतें, हें ज्या समाजास बाहेर समान हक्क नव्हते त्यानेंच जगास दाखविलें.